ब्रह्मदेशांतील यंत्रविद्यालयाचे शिष्य, त्यांचे सयाजी व त्यांचे कागद

ब्रह्मदेश म्हटला कीं महाराष्ट्रीय वाचकाच्या मनापुढें दोन स्थळें उभीं राहतात. एक मंडाले, जेथील तुरुंगांत लोकमान्य टिळक १९०८ पासून १९१४ पर्यंत होते. व दुसरें रत्नागिरी, जेथें ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा हा १८८६ पासून १९१६ सालीं मरण पावेपर्यंत नजरकैदेंत राहिला. ह्या दोन्ही गोष्टींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय तितका प्रसिद्ध नाहीं. रंगून येथील यंत्रविद्यालयांतून बाहेर पडलेले अभियंते आपल्या गुरूंचें स्मरण कसें करतात, परस्परांचा माग कसा राखतात, आणि ह्या व्यवहारांतून जो कागद निर्माण झाला आहे तो इतिहासाचें साधन म्हणून कसा वाचावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. विषय अर्वाचीन म्हणून कित्येक संग्राहक नाक मुरडतील. परंतु ताडपत्र जपणारे मठ त्या देशांत अजून आहेत. चक्रमुद्रित यादी जपणारा मात्र एखादा निवृत्त अभियंता असतो, आणि त्याच्या पश्चात् ती यादी रद्दींत जाते.

प्रथम शब्दांकडे पाहूं, कारण शब्दांतच ह्या विषयाचा अर्धा उलगडा आहे. ब्रह्मी भाषेंत गुरूस ‘सया’ म्हणतात. हा शब्द लिहितांना ‘छ’ व ‘रा’ हीं अक्षरें लिहितात, पण रकाराचा उच्चार यकारासारखा होत असल्यानें तो ‘सया’ असा ऐकूं येतो. मूळ पालि ‘आचरिय’, म्हणजेच आपला ‘आचार्य’. वडीलधाऱ्या गुरूस ‘जी’ हा मोठेपणाचा प्रत्यय लावून ‘सयाजी’ म्हणतात. बडोद्याच्या सयाजीरावांशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगावयास नको. तथापि इगतपुरीच्या विपश्यनाकेंद्रामुळें ‘सयाजी ऊ बा खिन’ हें नांव ज्यांच्या कानांवरून गेलें आहे त्यांस ह्या शब्दाची ओळख असेलच. विद्यार्थ्यास ‘चौंग-था’ म्हणतात. ‘था’ म्हणजे पुत्र. आणि ‘चौंग’ म्हणजे शाळाही व बौद्ध विहारही. एकाच शब्दानें दोन्ही वास्तू दाखविल्या जातात, कारण पूर्वीं दोन्ही एकच होत्या. विश्वविद्यालयास ‘तेक्कथो’ म्हणतात, तो शब्द ‘तक्कसिला’ म्हणजे तक्षशिला ह्याचें रूपांतर होय. यंत्रास ‘सेत्’ म्हणतात. तो पालि ‘चक्क’, आपलें ‘चक्र’. तेव्हां रंगूनचे यंत्रविद्येचे शिष्य आपल्या विद्यालयास जें नांव देत त्याचा अक्षरशः अर्थ चक्रकर्माची तक्षशिला असा होतो.

आतां त्या विद्यालयाची हकीगत. रंगूनचें महाविद्यालय १९२० पर्यंत कलकत्ता विश्वविद्यालयास जोडलेलें होतें. १९२० च्या डिसेंबरांत रंगूनचें स्वतंत्र विश्वविद्यालय झालें, व झाल्याबरोबर त्याच्या कायद्याविरुद्ध विद्यार्थ्यांनीं बहिष्कार पुकारला. त्या बहिष्काराची तिथि ब्रह्मदेशांत राष्ट्रीय दिन म्हणून पाळली जाते. ती कार्तिक वद्य १० होय. ब्रह्मी महिना आपल्याप्रमाणेंच शुक्ल प्रतिपदेपासून सुरू होतो, उत्तर हिंदुस्थानाप्रमाणें पौर्णिमेनंतर नव्हे. म्हणून आपल्या वाचकांस त्यांच्या तिथी लावणें सोपें जातें. यंत्रविद्येचें शिक्षण तेथें पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत सुरू झालें, व त्यास बर्मा ऑइल कंपनीच्या देणगीनें इमारत आणि नांव मिळालें. १९४२ सालीं जपान्यांनीं रंगून घेतलें तेव्हां सर्वच विद्यालयें मोडलीं. ४ जानेवारी १९४८ रोजीं देश स्वतंत्र झाल्यावर रॅगलन स्क्वायर ह्या इंग्रज वास्तुविशारदानें प्रोम रस्त्यावर नवें यंत्रविद्यालय बांधलें. त्यांतील सभागृहाचें घुमटी छप्पर कासवाच्या पाठीसारखें दिसतें, म्हणून शिष्यांनीं त्या स्थळासच ‘लेइ-खोन’, म्हणजे कांसवपाठ, असें नांव पाडलें. पुढें तेथें वैद्यकविद्यालय गेलें. सोव्हिएत रशियाच्या साह्यानें इनसीनजवळ ज्योगोन येथें दुसरी विस्तीर्ण वास्तु झाली. १९६१ सालीं अध्यापन तिकडे गेलें, व १९६४ सालीं ती संस्था विश्वविद्यालयापासून वेगळी होऊन रंगून यंत्रविद्यासंस्था झाली. १९८९ सालीं राज्यकर्त्यांनीं रंगूनचें यांगोन केलें, तेव्हां संस्थेचेंही नांव बदललें. १९९८ सालीं तें पुनः बदलून यांगोन तंत्रविद्या विश्वविद्यालय झालें.

हें सर्व थोडक्यांत सांगितलें, कारण संग्राहकास त्याचा एक रोकडा उपयोग आहे. कागदावर संस्थेचें जें नांव असेल त्यावरून कागदाचा काळ दहा-पंधरा वर्षांच्या आंत ठरतो. मात्र माजी शिष्यांनीं स्वतः लिहिलेल्या कागदास हा नियम लावूं नये. ते नांव बदलल्यानंतरही जुनेंच नांव चालवितात. त्यांत सवय आहे आणि, आमच्या मतें, थोडा हट्टही आहे.

गुरुपूजनाचा विधि पाहिल्याशिवाय हे कागद समजत नाहींत. ब्रह्मदेशांतील बौद्धांत पांच पूज्य स्थानें मानलेलीं आहेत: बुद्ध, धर्म, संघ, मातापितरें व गुरु. त्रिरत्नाच्या पंक्तीस गुरु बसविलेला आहे, आणि तो गुरु म्हणजे दीक्षागुरु नव्हे, तर अक्षरें, हिशेब किंवा लोखंडी तुळईचें गणित शिकविणारा साधा शिक्षक. दीघनिकायांतील सिगालसुत्तांत गुरुशिष्यांचीं परस्परकर्तव्यें पांच पांच सांगितलीं आहेत. शिष्यानें उठून मान द्यावा, सेवेस हजर असावें, ऐकण्याची उत्सुकता धरावी, शुश्रूषा करावी, विद्या आदरानें घ्यावी. गुरूनें नीट वळण लावावें, नीट समजवावें, कांहीं हातचें न राखतां सर्व विद्या द्यावी, मित्रमंडळींत शिष्याची शिफारस करावी, व सर्व दिशांस त्याच्या रक्षणाची तजवीज करावी. हीं शेवटलीं दोन कर्तव्यें यंत्रविद्येच्या अध्यापकांच्या बाबतींत अगदीं व्यवहारांतलीं ठरतात. परदेशीं नोकरी किंवा पुढील शिक्षण मिळवूं पाहणाऱ्या शिष्यास अध्यापकाच्या शिफारसपत्राची गरज पडते, आणि सिगालसुत्ताच्या देशांत तें पत्र उपकार म्हणून नव्हे, धर्म म्हणून लिहिलें जातें.

ह्या विधीस ‘सया गडो प्वे’ म्हणतात, किंवा संस्कृताच्या अधिक जवळचें नांव घेऊन ‘सया पूझो प्वे’. ‘पूझो’ म्हणजे पूजा, व ‘प्वे’ म्हणजे समारंभ. त्याचा परंपरागत काल थदिंज्युत, म्हणजे वर्षावासाच्या समाप्तीची आश्विन पौर्णिमा, आपली कोजागिरी. आपली गुरुपौर्णिमा वर्षावासाच्या आरंभींची व त्यांची गुरुपूजा त्याच्या शेवटची, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. दोन्ही पंचांगांचे अधिकमास स्वतंत्र असल्यानें तिथी दर वर्षीं जुळतीलच असें नाहीं. समारंभांत गुरु उंच आसनांवर बसतात. शिष्य, मग ते स्वतः सत्तरीचे व मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले कां असेनात, खालीं जमिनीवर बसून हात जोडतात व तीन वेळां मस्तक टेंकतात. नंतर भेटी अर्पण होतात आणि गुरूंपैकीं एखादा वडील उपदेशाचे चार शब्द बोलतो.

भेटींचा विचार केवळ विधि म्हणून करून चालत नाहीं. नोव्हेंबर १९८५ मध्यें ब्रह्मी सरकारनें ५० व १०० च्या नोटा रद्द केल्या. ५ सप्टेंबर १९८७ रोजीं २५, ३५ व ७५ च्या नोटा कांहीं मोबदला न देतां रद्द केल्या आणि पुढें ४५ व ९० च्या काढल्या. नऊच्या पाढ्यांत बसणाऱ्या ह्या नोटा कोणत्या ग्रहगणिताच्या भरंवशावर निघाल्या ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस त्यांत रस नाहीं. पगारावर जगणाऱ्या अध्यापकाची पेटींतली शिल्लक एका सकाळीं कागद होऊन बसली, हें महत्त्वाचें. पुढें महागाईनें निवृत्तिवेतनाचीही तीच गत झाली. ज्यानें देशांतील पूल व कारखाने बांधणाऱ्यांस शिकविलें तो म्हातारपणीं औषधास महाग, आणि त्याचा शिष्य सिंगापुरांत किंवा अमेरिकेंत बऱ्या पगारावर, अशी स्थिति झाली. तेव्हां गडोच्या पाकिटास दक्षिणेहून अधिक अर्थ आला. इ. स. २००० सालीं सान फ्रान्सिस्को येथें सर्व शाखांच्या व सर्व वर्षांच्या माजी शिष्यांनीं मोठें संमेलन भरवून गुरुपूजन केलें. पुढें सिंगापूर व रंगून येथेंही अशीं संमेलनें झालीं. मायदेशाबाहेर जाऊन गुरूंस बोलावून आणावें व त्यांच्या पायांशीं बसावें, असा हा प्रकार. त्या निमित्तानें छापलेले स्मरणग्रंथ, निमंत्रणें, गुरूंच्या याद्या, जमाखर्चाचीं पत्रकें व छायाचित्रें हें आमच्या विषयाचें मुख्य साधन होय.

आतां ह्या साधनांच्या वाचनांतील अडचणी. पहिली व सर्वांत मोठी नांवांची. ब्रह्मी माणसास आडनांव नाहीं व पित्याचें नांव जोडण्याचीही चाल नाहीं. नांवाच्या मागें वयाप्रमाणें व मानाप्रमाणें उपपद येतें: लहानास ‘मौंग’, बरोबरीच्यास ‘को’, वडीलधाऱ्यास ‘ऊ’, स्त्रियांस ‘मा’ व ‘डॉ’. समजा, एकाचें नांव टिन श्वे आहे. प्रवेशाच्या नोंदवहींत तो मौंग टिन श्वे, सहाध्यायाच्या आठवणींत को टिन श्वे, सरकारी हुकुमांत ऊ टिन श्वे, आणि तो पुढें अध्यापक झाला असल्यास शिष्यांच्या लेखांत सया टिन श्वे. चौघे वेगळे समजून चार टिपणें करणारा संशोधक फसतोच. पण उलट, म्हातारा प्राध्यापकही विनयानें आपली सही ‘मौंग’ अशी करतो, म्हणून सहीवरून वय काढूं पाहणाराही फसतो. त्यांतून एका वर्गांत एकाच नांवाचे दोघे-तिघे निघतात. त्यावर शिष्यांनीं जो तोडगा काढला तो आमच्या मतें मोठा सुबक आहे: नांवापुढें विद्याशाखेचें आद्याक्षर व पदवीचें वर्ष लिहावयाचें. स्थापत्य, यंत्र, विद्युत् अशा शाखा व वर्ष हेंच त्यांचें आडनांव होऊन बसलें आहे. आपल्याकडे गांवावरून किंवा वतनावरून आडनांव पडे. त्यांच्याकडे तें वर्गावरून पडलें.

स्त्रियांच्या बाबतींत त्यांची पद्धति संशोधकास आपल्यापेक्षां सोयीची आहे. विवाहानंतर ब्रह्मी स्त्री नांव बदलीत नाहीं. वर्गाच्या यादींतील मा अमुक ही पन्नास वर्षांनंतर डॉ अमुक म्हणून सांपडते. मध्येंच नाहींशी होत नाहीं. आपल्या जुन्या शाळांच्या नोंदवह्यांवरून माहेरच्या नांवांचा शोध ज्यांनीं केला असेल त्यांस ह्याची किंमत कळेल.

नांवाच्या आद्याक्षराचा एक दुवा आणखी आहे. जन्मवारावरून अक्षर धरण्याची चाल तेथें आहे: सोमवारास कवर्ग, मंगळवारास चवर्ग, बुधवारास ल व व, बुधवारच्या उत्तरभागास राहू समजून य व र, गुरुवारास पवर्ग, शुक्रवारास स व ह, शनिवारास तवर्ग, आणि रविवारास स्वर. आपण नक्षत्राच्या चरणावरून अक्षर धरतों, ते वारावरून. वर्णमालेच्या वर्गांची व्यवस्था मात्र दोघांची एकच. वरील टिन श्वे हा तकारामुळें शनिवारचा. दोन समनामकांपैकीं जन्मतारीख कोणाची हें ठरवितांना हा पुरावा उपयोगी पडेल काय? आमच्या मतें फारसा नाहीं, कारण समनामकांचें पहिलें अक्षर एकच असतें, व अलीकडे सर्वच आईबाप ही चाल पाळतात असेंही नाहीं. तारखेची नक्कल करतांना झालेली चूक पकडण्यास मात्र तो क्वचित् कामास येतो.

दुसरी अडचण सनांची. ब्रह्मी शकाचा आरंभ इ. स. ६३८ चा; शकांत ६३८ मिळविले असतां, एप्रिलांतील नववर्षानंतरच्या भागापुरतें, इसवी सन मिळतें. १२८२ म्हणजे १९२०. हें सोपें. अवघड तें वर्गाच्या वर्षाचें. कोणी प्रवेशाचें वर्ष धरतो, कोणी पदवीचें. आणि १९८८ नंतर ह्या दोहोंतील अंतर बेताल झालें. त्याचें कारण सांगणें प्राप्त आहे. १२ मार्च १९८८ रोजीं ज्योगोनच्या विद्यालयाजवळील एका चहाच्या दुकानांत विद्यार्थी व स्थानिक तरुण ह्यांत भांडण झालें; दुसऱ्या दिवशीं निदर्शनांवर गोळी चालली व फोन मॉ हा विद्यार्थी मरण पावला. तेथून जी ठिणगी पडली तिचा ८ ऑगस्टचा देशव्यापी उठाव झाला, आणि १८ सप्टेंबर रोजीं लष्करानें सत्ता घेतली. विद्यालयें बंद झालीं. उघडलीं, पुनः बंद झालीं. डिसेंबर १९९६ च्या निदर्शनांनंतर पुनः कैक वर्षें मिटलीं. पुढें रंगूनच्या ह्या विद्यालयांत पदवीपूर्व वर्गच राहिले नाहींत, ते २०१२ सालीं पुनः सुरू झाले. तेव्हां ह्या काळांतील एखाद्याच्या प्रवेशापासून पदवीपर्यंत दहा वर्षांचें अंतर दिसलें तर तो मंद होता असें अनुमान करूं नये.

आतां पुराव्याच्या वजनाचा प्रश्न. कै. राजवाड्यांनीं अस्सल पत्रांस बखरींच्या वर मान दिला, व तो दंडक आपल्या मंडळींत सर्वमान्य आहे. तो येथें लावल्यास स्मरणग्रंथ हे बखरींत जमा होतात. त्यांत गुरूविषयीं वाईट शब्द नसतो. पद्धत ठरलेली: गुरूचें नांव, पदव्या, कोणत्या परदेशी विद्यापीठांत शिकले, काय शिकवीत, वर्गांतली एखादी लकब, शिष्यांनीं ठेविलेलें टोपणनांव, व शेवटीं कृतज्ञता. पांच पूज्यांच्या पंक्तींत बसलेल्याचे दोष सांगणें अधर्म्य. मग टीका येणार कोठून? अध्यापनाचा खरा दर्जा, अध्यापकांतील मतभेद, कोणास बढती मिळाली व कोणास डावललें, हें ह्या ग्रंथांत शोधणारा रित्या हातानें परत येईल. यंत्रविद्याशाखेचे अधिष्ठाते ऊ बा ह्ली ह्यांच्यासारख्या प्रसिद्ध पुरुषांविषयीं देखील शिष्यांचें लेखन हें स्तुतिलेखन समजूनच वाचलें पाहिजे.

असें असूनही आम्ही येथें राजवाड्यांचा दंडक पूर्णपणें लावूं इच्छीत नाहीं. अस्सल सरकारी कागद जेथें मोकळा आहे तेथें तो दंडक शोभतो. ज्या विद्यालयाच्या आवारांतून राज्य हादरविणारी चळवळ निघाली त्याचे दप्तर संशोधकापुढें सहज उघडेल, अशी आशा कोणी बाळगूं नये. तेथें बखरच काय ती बोलते. आणि ती बोलते ती मुख्यतः आपल्या अप्रयोजक भागांत. स्तुतीचा मजकूर सोडावा व याद्या वाचाव्या. आभाराच्या पानावरील नांवें, शहरें व देश उतरून घेतले कीं एका देशाचे शिकलेले लोक कोणत्या सालीं कोठें गेले ह्याचा नकाशा तयार होतो, आणि तसा तो दुसऱ्या कोठेंही मिळणार नाहीं. आपल्याकडे रामदासी मठांचीं बाडें धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत जमविलीं गेलीं. त्यांतील अभंगांइतकाच शिष्यांच्या व मठांच्या उल्लेखांचा उपयोग इतिहासास होतो, हें जाणणारांस आमचें म्हणणें पटेल.

एकाच गुरूच्या नांवें निरनिराळ्या सालच्या याद्या मिळाल्या तर त्या सर्व ठेवाव्या. शेवटची शुद्ध म्हणून आधींच्या टाकूं नयेत. यादी दर संमेलनास सुधारली जाते, व सुधारणा म्हणजे बहुधा मृत्यूची खूण. ती खूण कोणत्या यादींत प्रथम आली ह्यावरून मृत्यूचा काळ दोन संमेलनांमध्यें धरतां येतो. कित्येक साध्या अध्यापकांच्या निधनाची दुसरी छापील नोंद मिळणें कठीण.

१ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें पुनः सत्ता घेतली. असहकारांत सामील झालेले विश्वविद्यालयांतील हजारों शिक्षक कामावरून दूर झाले. शिष्यांचे घोळके आणखी विखुरले, आणि ज्यांच्याजवळ जुने कागद होते त्यांपैकीं कित्येकांनीं घरें सोडलीं. १९६० च्या दशकांत शिकविणारे जे सयाजी आज हयात आहेत ते नव्वदीच्या घरांत किंवा त्यापुढें आहेत. त्यांचे त्या वेळचे शिष्य ऐंशीच्या आसपास. म्हणून कोणास ह्या विषयाचे कागद हातीं येण्याचा योग आला तर त्यानें ग्रंथांच्या आधीं छायाचित्रांकडे पाहावें. वर्गाच्या छायाचित्रांत अध्यापक पुढें बसलेले व विद्यार्थी मागें रांगांनीं उभे असतात. नांवें असलींच तर पाठीवर, गोल ब्रह्मी अक्षरांत, पेन्सिलीनें लिहिलेलीं. चौकटींत बसवितांना पाठीस जाड कागद चिकटवितात, तो सोडविण्याची घाई करूं नये. प्रथम मालकास विचारून मूळ पाठ कोणी उतरून ठेविली आहे काय तें पाहावें, व ती ज्यास वाचतां येते अशा वृद्धाकडून नांवें त्याच्याच उपपदांसह, को असेल तर को व सया असेल तर सया, जशींच्या तशीं लिहून घ्यावीं.